घर, नातं आणि वर्ग : संवादावरचं पहिलं संशोधन कसं करावं

काम आणि घर यांचा समतोल, नात्यांतला संवाद किंवा वर्गातलं शिकवणं यांपैकी एखादा विषय पहिल्या प्रकल्पासाठी घेतला, की बहुतेक जण आधी प्रश्नावली करायला बसतात. ‘तुम्ही कामावर समाधानी आहात का?’, ‘जोडीदाराशी तुमचा संवाद चांगला आहे का?’, ‘शिक्षक नीट शिकवतात का?’ असे प्रश्न आणि प्रत्येकापुढे पाच पर्याय. शंभर जणांकडून ती भरून घेतली, टक्केवारीचे तक्ते काढले, की काम झालं असं वाटतं. त्या तक्त्यांतून लोकांचं मत कळतं, संवाद मात्र कळत नाही. कोण, कोणाला, कुठल्या प्रसंगी, काय आणि कसं बोललं आणि त्या बोलण्याने पुढे काय घडलं, हे पाहणं म्हणजे संवादाचा अभ्यास. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

हे तीन विषय एकाच लेखात घेण्याला कारण आहे. जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल यांनी १९८५ मध्ये काम आणि कुटुंब यांच्यातल्या संघर्षाचे तीन प्रकार मांडले : वेळेमुळे होणारा, ताणामुळे होणारा आणि वागण्याच्या पद्धतीमुळे होणारा. पहिल्या दोनांवर भरपूर बोललं जातं. तिसरा प्रकार संवादाच्या अभ्यासकासाठी सर्वांत मोलाचा आहे. दिवसभर वर्गात सूचना देणारी, चुका दुरुस्त करणारी शिक्षिका संध्याकाळी त्याच सुरात घरच्यांशी बोलू लागली, तर तिच्याकडे वेळ असूनही समतोल ढळतो. काम, घर आणि वर्ग हे तिन्ही एकाच माणसाच्या तोंडून बोलत असतात.

पहिली पायरी : विषय सोडा, प्रसंग धरा

‘नोकरदार स्त्रियांचा कार्य-जीवन समतोल’ हा विषय झाला. त्यावर संशोधन करता येत नाही, फार तर भाषण करता येतं. त्याऐवजी एक प्रसंग निवडा : ऑफिसमधून वेळेवर निघण्याची परवानगी मागताना लोक काय बोलतात? रात्री आलेला कामाचा फोन उचलला, तर घरातल्यांना काय सांगितलं जातं? शिक्षकाने प्रश्न विचारल्यावर वर्ग गप्प राहिला, तर शिक्षक पुढचं वाक्य कोणतं बोलतो? जोडीदाराने ‘आपल्याला बोलायचंय’ म्हटल्यावर समोरचा काय करतो?

प्रसंग नीट निवडला आहे की नाही, हे तपासायची सोपी खूण आहे. त्यात किमान दोन माणसं असली पाहिजेत, आणि त्यांच्यापैकी एकाने काहीतरी बोललेलं किंवा मुद्दाम न बोललेलं असलं पाहिजे. हे दोन्ही नसेल तर तुमचा प्रश्न मानसशास्त्राचा किंवा अर्थशास्त्राचा असू शकतो. तोही चांगला असेल, पण त्याच्या पद्धती वेगळ्या आहेत.

दुसरी पायरी : आधी कोण काय करून गेलं ते वाचा

या पायरीवर घाई करू नका. पहिल्या दोन महिन्यांतला निम्मा वेळ वाचनाला द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिन्ही क्षेत्रांत सुरुवात कुठून करायची, ते थोडक्यात सांगते.

काम आणि घर यांबद्दल स्यू कॅम्पबेल क्लार्क यांचा २००० सालचा सीमा-सिद्धांत वाचा. त्यांच्या मते माणूस रोज या दोन जगांमधली सीमा ओलांडत असतो. ही सीमा जागेची असते, वेळेची असते आणि मनातलीही असते. दोन्हीकडे तिचे राखणदार असतात, म्हणजे कामावरचे वरिष्ठ आणि घरातला जोडीदार. राखणदाराशी जे बोलणं होतं त्यावर सीमा कडक राहते की सैल होते, हे ठरतं.

त्याच्या जोडीला एरिका कर्बी आणि कॅथलीन क्रोन यांचा २००२ सालचा अभ्यास वाचाच. एका सरकारी संस्थेत कुटुंबासाठीच्या सवलती कागदावर होत्या. त्या वापरणाऱ्यांबद्दल सहकारी काय बोलतात, कोणाला झुकतं माप मिळतं अशी कुजबुज कशी होते, आणि त्या बोलण्यामुळे पुढचा माणूस सवलत मागायला कसा कचरतो, हे त्यांनी दाखवलं. संवादाचं संशोधन कशासाठी करायचं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. नियमपुस्तक वाचून त्या संस्थेत सगळं छान चाललंय, असाच निष्कर्ष निघाला असता. खरी परिस्थिती लोकांच्या बोलण्यात होती.

नात्यांच्या अभ्यासात वाचण्यासारखं इतकं आहे की नवखा माणूस वाहून जातो. तीन ठिकाणी थांबा. लेस्ली बॅक्स्टर आणि बार्बरा मॉन्टगोमेरी यांनी १९९६ मध्ये मांडलेली ओढाताणीची कल्पना : जवळीक हवी आणि मोकळीकही हवी, सगळं सांगायचंय आणि काही राखूनही ठेवायचंय. सँड्रा पेट्रोनिओ यांचा खासगीपणाचा सिद्धांत : एखादी गोष्ट दुसऱ्याला सांगितली की तोही तिचा मालक होतो, आणि पुढे ती कोणाला सांगायची यावरून भांडणं होतात. तिसरं म्हणजे ‘मागणी आणि माघार’ हा नमुना. एक जण विषय लावून धरतो, दुसरा गप्प होतो किंवा उठून जातो. अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी १९९० मध्ये यात एक मार्मिक गोष्ट तपासली. बायका मागे लागतात आणि नवरे पळ काढतात, हा समज सर्वत्र आहे. त्यांनी जोडप्यांना दोन विषयांवर बोलायला लावलं : एक बायकोला हवा असलेला बदल, दुसरा नवऱ्याला हवा असलेला. पहिल्या विषयात तो नेहमीचा नमुना दिसला. दुसऱ्यात नवरा आणि बायको यांच्यात तसा ठरावीक फरक उरला नाही. म्हणजे बदल कोणाला हवा आहे, हे स्वभावाइतकंच महत्त्वाचं निघालं. तुम्ही एकच विषय देऊन अभ्यास केलात, तर जुना समज तसाच पक्का करून बसाल.

वर्गाबद्दल तीन कामं पायाभूत आहेत. नेड फ्लँडर्स यांची निरीक्षणपद्धती शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असते : दर ३ सेकंदांनी एक नोंद आणि नोंदींचे एकूण १० प्रकार. त्यांतले ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि १ शांततेचा किंवा गोंधळाचा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. हा थांबा ३ सेकंदांपर्यंत वाढवला, तर उत्तरं लांब होतात, एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागतात आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात.

तिसरं काम ‘आपलेपणा’वरचं आहे. नजर मिळवणं, हसणं, वर्गात फिरणं, मुलांना नावाने हाक मारणं अशा वागण्यातून शिक्षक जवळचा वाटतो. जॅनिस अँडरसन यांनी १९७९ मध्ये त्याचा वर्गातला अभ्यास सुरू केला आणि जोन गोरहॅम यांनी १९८८ मध्ये त्याला बोलण्याची बाजू जोडली. नंतर पॉल विट, लॉरेन्स व्हीलेस आणि माइक अ‍ॅलन यांनी २००४ मध्ये ८१ अभ्यास एकत्र करून पाहिले. आपलेपणाचा विषयाच्या आवडीशी आणि ‘आम्ही शिकलो’ या मुलांच्या भावनेशी चांगला संबंध दिसला. प्रत्यक्ष चाचणीतल्या कामगिरीशी तो बराच क्षीण होता. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, कारण ‘मुलांना विचारलं, ती म्हणाली खूप शिकलो’ या आधारावर उभे असलेले प्रकल्प आजही होतात.

वाचताना एका प्रसिद्ध आकड्यापासून सावध राहा. संवादात शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के आणि चेहरा ५५ टक्के, हे वाक्य असंख्य कार्यशाळांमधून सांगितलं जातं. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांमधून ते आलं. त्या प्रयोगांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याची छायाचित्रं होती. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. आकडे लागू पडतात ते शब्द आणि सूर एकमेकांशी विसंगत असताना व्यक्त होणाऱ्या भावनेला. गणिताच्या तासाला किंवा ऑफिसच्या बैठकीला ते लावणं चूक आहे. प्रबंधात हे वाक्य लिहिलंत, तर व्हायवाला जाणकार परीक्षक तिथेच थांबवतील.

तिसरी पायरी : प्रश्न एका वाक्यात लिहा

प्रश्नात प्रसंग, माणसं आणि तुम्ही नेमकं काय पाहणार, या तीन गोष्टी हव्यात. उदाहरणार्थ : ‘घरच्या कारणासाठी लवकर निघताना कर्मचारी वरिष्ठांना कोणती कारणं देतात आणि कोणती लपवतात?’ किंवा ‘विद्यार्थ्याने चुकीचं उत्तर दिल्यावर शिक्षकाच्या पुढच्या वाक्यानंतर तोच विद्यार्थी त्या तासात पुन्हा बोलतो का?’ दुसरा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर मोजता येतं आणि ते उद्याच्या तासाला वापरताही येतं.

‘परिणाम’ हा शब्द प्रश्नात घालण्यापूर्वी दोनदा विचार करा. एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून दोन गोष्टी सोबत वाढतात किंवा घटतात, एवढंच कळतं. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांच्या अभ्यासातलं प्रमाण सगळ्यांना ठाऊक असतं : टिकलेल्या जोडप्यांत वादाच्या वेळीही एका नकारात्मक गोष्टीमागे साधारण पाच सकारात्मक गोष्टी दिसतात. म्हणून रोज पाच गोड वाक्यं बोलली की संसार टिकेल, असं त्यातून निघत नाही. आधीच सुखी असलेले लोक गोड बोलत असतील, हीही शक्यता उरतेच.

चौथी पायरी : पद्धत निवडा

प्रश्न ‘किती’ विचारत असेल तर निरीक्षण किंवा प्रश्नावली, ‘कसं’ विचारत असेल तर मुलाखत, रोजनिशी किंवा रेकॉर्डिंग. पहिल्या प्रकल्पात एकच पद्धत नीट करा. मिश्र पद्धती ऐकायला भारदस्त वाटतात, पण दोन्हीकडचं काम अर्धवट राहतं.

प्रश्नावली वापरायची असेल तर स्वतः नवी बनवण्याआधी तपासलेली शोधा. बोलण्याच्या भीतीसाठी जेम्स मॅक्रॉस्की यांची २४ विधानांची मापिका आहे. गट, बैठक, दोघांतलं बोलणं आणि भाषण या चार प्रसंगांसाठी प्रत्येकी ६ विधानं. गुण २४ ते १२० या दरम्यान येतात. अशी मापिका मराठीत आणताना एकाने भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणावं आणि दोन्ही इंग्रजी मजकूर समोरासमोर ठेवावेत. मग दहा-पंधरा जणांना मोठ्याने वाचायला लावून कुठे अडखळतात ते पाहा. हे न करता काढलेली आकडेवारी कितीही नीटस दिसली, तरी तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

मुलाखतीबद्दल एक गोष्ट आधीच माहीत हवी. माणसांना संभाषण फारसं आठवत नाही. लॉरा स्टॅफर्ड आणि जॉन डेली यांच्या १९८४ च्या अभ्यासात, बोलणं संपल्यावर लगेच विचारलं तरी लोकांना त्यातला साधारण दहावा हिस्साच सांगता आला. मग सहा महिन्यांपूर्वीच्या भांडणाचं काय उरणार? म्हणून शक्य असेल तिथे रोजनिशी घ्या. सहभागी लोकांना आठवडाभर रोज रात्री एका ठरलेल्या प्रसंगाबद्दल चार ओळी लिहायला सांगा : कोणाशी, कधी, तुम्ही काय म्हणालात, समोरचा काय म्हणाला. आठवड्यापेक्षा जास्त मागू नका, लोक कंटाळतात आणि शेवटच्या दिवशी सगळ्या नोंदी एकदम भरतात.

पाचवी पायरी : संमती आणि नावं

संशोधनातल्या नीतीचे तीन आधार १९७९ च्या बेल्मंट अहवालात स्पष्ट आले : माणसाचा आदर, त्याचं भलं आणि न्याय. संस्थेच्या नैतिकता समितीचा फॉर्म भरणं आवश्यकच आहे, पण या तीन विषयांत फॉर्मच्या पलीकडे काही अडचणी येतात.

शिक्षक स्वतःच्याच वर्गाचा अभ्यास करतो, तेव्हा ‘नाही’ म्हणणं मुलांना जड जातं. गुण त्याच शिक्षकाच्या हातात असतात. त्यामुळे संमतीचे फॉर्म आणि प्रश्नावल्या सहकाऱ्याकडून गोळा करून घ्या आणि निकाल लागेपर्यंत पाकीट उघडू नका. मुलं अल्पवयीन असतील तर पालकांची संमती आणि मुलांचा होकार, दोन्ही लागतात.

ऑफिसमध्ये अभ्यास करताना परवानगी व्यवस्थापन देतं. सहभागी कोण झालं आणि कोण झालं नाही, हे मात्र व्यवस्थापनाला कळता कामा नये. मुलाखती कामाच्या जागेबाहेर घ्या.

जोडप्यांचा अभ्यास सर्वांत नाजूक. नाव बदललं की ओळख लपते, असं आपण धरून चालतो. अनोळखी वाचकापासून ती लपतेही. पण प्रबंध हातात पडला की जोडीदार स्वतःचं भांडण पहिल्या ओळीत ओळखतो, आणि त्याखाली दुसऱ्याने त्याच्याबद्दल काय सांगितलं तेही वाचतो. म्हणून दोघांच्या मुलाखती वेगळ्या घ्या आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्यासमोर सूचकपणेही काढू नका. छापताना एकाच जोडप्याची दोन्ही विधानं शेजारी ठेवू नका. एखादं वाक्य कितीही बोलकं असलं, तरी त्याने घरात आग लागणार असेल तर ते प्रबंधातून काढा. संशोधकाला त्यामुळे एक उदाहरण गमवावं लागेल, आणि ते गमवावंच.

मुलाखतीत हिंसेचा किंवा छळाचा उल्लेख आला तर काय करायचं, हे मार्गदर्शकांशी आधीच ठरवून ठेवा. मदत कुठे मिळते ती माहिती जवळ असू द्या. माणूस समोर रडत असताना हे ठरवायला वेळ नसतो.

सहावी पायरी : विचारणं आणि ऐकणं

‘तुमचा संवाद कसा आहे?’ याला ‘चांगला आहे’ हे एकच उत्तर येतं. जॉन फ्लॅनॅगन यांनी १९५४ मध्ये ठळक प्रसंगाची पद्धत मांडली, तिचा इथे फार उपयोग होतो. माणसाला एका दिवसावर आणा.

‘गेल्या महिन्यात घरच्या कामासाठी लवकर निघायचं होतं, असा एखादा दिवस आठवतो? तेव्हा साहेबांशी कसं बोललात? पहिलं वाक्य काय होतं? ते काय म्हणाले? शेजारी बसलेलं कोणी काही बोललं?’

आणि मग थांबा. वर्गातल्या शिक्षकाला सांगितलेले ते ३ सेकंद संशोधकालाही लागू आहेत. बरेचदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते : ‘म्हणजे, तसं कोणी काही म्हणालं नाही. पण निघताना एक जण म्हणाला, काय, आज हाफ डे वाटतं?’

हे वाक्य तुमच्या अभ्यासाचा गाभा ठरू शकतं. वॉट्झलाविक, बीव्हिन आणि जॅक्सन यांनी १९६७ मध्ये सांगितलं की प्रत्येक बोलण्याला दोन पातळ्या असतात, एक मजकुराची आणि एक नात्याची. ‘हाफ डे वाटतं?’ यात मजकूर म्हणजे वेळेची चौकशी. नात्याच्या पातळीवर मात्र ‘तुझ्या वाटचं काम आमच्यावर येतंय, आणि आमचं लक्ष आहे’ असं सांगितलं जातं. ऐकणाऱ्याने पुढच्या वेळी सुट्टी मागितली का, हा त्यानंतरचा प्रश्न, आणि तो विचारायला विसरू नका.

सातवी पायरी : शब्दांकन आणि विश्लेषण

एका तासाच्या रेकॉर्डिंगचं शब्दांकन करायला नवख्या माणसाला सहज चार ते सहा तास लागतात, मुलं एकदम बोलत असलेल्या वर्गाचं असेल तर त्याहून जास्त. वेळापत्रकात ते धरा. मोबाइलवरच्या आपोआप टाइप करणाऱ्या सोयींनी पहिला खर्डा मिळतो, पण बोली, अर्धवट वाक्यं आणि दोघांचं एकदम बोलणं त्यात हमखास बिघडतं. शिवाय रेकॉर्डिंग कोणाच्या सर्व्हरवर जातं, हा संमतीचा प्रश्न आहेच. बोलीचं प्रमाण मराठी करू नका. ‘अहो’, ‘अगं’, ‘बरं का’, लांब श्वास, हसू, मध्येच तोडलेलं वाक्य, सगळं लिहा. नात्याची पातळी तिथेच सापडते.

मुलाखतींसाठी व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांची २००६ मधली सहा टप्प्यांची पद्धत सुरुवातीला पुरेशी आहे. आधी सगळं पुन्हा पुन्हा वाचायचं, मग लहान लहान खुणा करायच्या, त्यांतून सूत्रं शोधायची, ती तपासायची, त्यांना नावं द्यायची आणि शेवटी लिहायचं. एक खबरदारी घ्या : मुलाखतीत विचारलेला प्रश्न हे सूत्र नसतं. ‘वेळेचं व्यवस्थापन’ हे प्रकरणाचं नाव झालं. ‘घरचं खरं कारण सांगण्यापेक्षा आजारपणाचं सांगणं सोपं जातं’ हे सूत्र, कारण ते काहीतरी सांगतं.

निरीक्षणाच्या नोंदी असतील तर त्यांतला निदान पाचवा हिस्सा दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्रपणे नोंदवून घ्या आणि जुळणी मोजा. नुसत्या टक्केवारीत योगायोगाने जुळलेलंही मोजलं जातं, म्हणून जेकब कोहेन यांचा १९६० चा ‘कप्पा’ (kappa) गुणांक वापरतात. तो कमी आला तर घाबरू नका. दोघं बसून कुठे फाटे फुटले ते पाहा. ‘कौतुक’ आणि ‘उत्तर स्वीकारणं’ यांतली रेषा तुम्ही नीट आखली नव्हती, असं काहीतरी निघेल. रेषा पुन्हा आखा आणि पुन्हा मोजा.

आठवी पायरी : लिहिणं आणि परत देणं

निष्कर्षात जितकं पाहिलं तितकंच लिहा. बारा जणांच्या मुलाखतींवरून ‘बहुसंख्य कर्मचारी’ असं म्हणता येत नाही. ‘या बारा जणांत ही कारणं देण्याची ही तऱ्हा दिसली आणि ती अशी चालते’ असं म्हणता येतं, आणि पहिल्या प्रकल्पासाठी ते भरपूर आहे. तुम्ही स्वतः शिक्षक, पालक किंवा कर्मचारी असाल तर तेही सांगा. तुम्हाला कोणती दारं उघडली आणि कोणी तुमच्यासमोर हात राखून बोललं असेल, हे वाचकाला त्यावरून कळतं.

ज्यांनी वेळ दिला त्यांच्यासाठी दोन पानांचा सोप्या भाषेतला सारांश वेगळा तयार करा. त्यात कोणाचंही वाक्य जसंच्या तसं घालू नका, कारण हा कागद त्याच ऑफिसात आणि त्याच घरात वाचला जाणार आहे. शिक्षकांना द्यायचा असेल तर तो टिप्पणीसारखा नको. त्यांनाच स्वतःच्या एका तासाची पाच मिनिटं ऐकून थांबे मोजता येतील असा नोंदीचा कोरा तक्ता सोबत जोडा. रेकॉर्डिंग कधी नष्ट करणार, ही तारीख संमतिपत्रात लिहिलेली असते. त्या दिवशी मोबाइल, लॅपटॉप आणि क्लाउड या तिन्ही ठिकाणच्या प्रती काढून टाका आणि तशी लेखी नोंद मार्गदर्शकांकडे द्या.